प्रिंटरने पकडलेली बाई

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी, चहानंतर.
प्राची, तारीख घातलीस? घातली असशील, पण महिना विसरली असशील. लिहिणारी तू, वाचून दाखवणारी तू, आणि विसरणारीही तूच. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधतेस, आणि डॉक्टर म्हणतो आजीच्या डोक्याला व्यायाम हवा, रोज एक पान बोलू द्या. बरं, बोलते. नात चोवीस वर्षांची आणि डोक्याचं गाळणं झालंय. तिच्याच भल्यासाठी बोलते. हे लिखाण माझं एकटीचं, दुसऱ्या कोणी वाचायचं नाही. मलाही वाचता येत नाही, म्हणजे गुपित पक्कं. (मी ‘नाय’ म्हणते, ही ‘नाही’ लिहिते. ऐकताना वाटतं, कोण ही मास्तरीणबाई?)

काल मुलगा येऊन गेला, धर्मराज, कळंबोलीहून. मला बय म्हणतो आणि वर हुकूम सोडतो. म्हणे, बय, आणखी एकदा गॅसवर भांडं जळलं, नाहीतर आणखी एकदा वाट चुकलीस, तर या गव्हाणच्या घराला कुलूप आणि तू माझ्याकडे, सातव्या मजल्यावर. मी म्हटलं, सातव्या मजल्यावर घारी राहतात. डोक्यावर पाटी घेऊन चाळीस वर्षं पनवेलच्या बाजारात मासळी विकली मी. वाट मला चुकेल, ही हौसा वाटेला चुकायची नाही.

संकल्प: भांडं जळू द्यायचं नाही. एकटीने बाजारात जाऊन एकटीने परत यायचं. सोपं आहे.

बुधवार, ५ नोव्हेंबर.
प्राचीने घरात ऑफिस थाटलंय. बंदरावरच्या मालाची कागदपत्रं करते. माझा नवरा महादेव ज्या खोलीत जाळी विणायचा, तिथे आता टेबल. त्याला जाऊन बारा वर्षं झाली, तो तक्रार करणार नाही. आता प्रिंटर हवा. कोणता घ्यावा, तीन दिवस ठरत नाही. फोनवर बोट फिरवते, फोटो बघते. मी म्हटलं, फोनवर बघून पापलेट घेतेस का कधी? हात लावल्याशिवाय वस्तू कळत नाही. प्रिंटर मी निवडणार.

मिठाची बरणी सापडत नाही.

दुपारी. सापडली. फ्रिजमध्ये, दुधामागे. प्राची शपथ घेऊन सांगते की तिने ठेवली नाही. मी तर ठेवलीच नाही. घरात माणसं दोन.

शनिवार, ८ नोव्हेंबर.
पनवेल. एसटी स्टँडजवळचं दुकान. दुकानदार चारुदत्त, बोलायला गोड, म्हणजे जपून.

एक लेझर. पावडरवर चालतो, फक्त काळं छापतो, भराभर. महिनाभर तसाच पडला तरी काही होत नाही. ऑफिसला हाच घ्या म्हणाला. दुसरा टाकीवाला. चार रंगांची शाई, चित्रं झकास, पण दोन-तीन दिवसांनी एक तरी पान काढायलाच हवं. नाही काढलं तर शाई आतल्या आत सुकते, मग छापताना मधेमधे जागा कोऱ्या राहतात. मी म्हटलं, म्हणजे प्राचीसारखा. चारुदत्त हसला. प्राची हसली नाही.

मी झाकण उचलून कल्ले तपासले. आतून काळे. शिळा माल. चारुदत्त ओरडला, आजी, तिथे बोट नका घालू! तोवर घातलं होतं. अंगठा काळा झाला.

ते मला आवडलं नाही. आजवर दोनदा अंगठ्याला शाई लागली. पहिल्यांदा खाडीकडची शेती गेली, दुसऱ्यांदा मिठागर. आता जायला उरलंय फक्त घर. साबणाने तीनदा धुतला. रेघांमध्ये काळं राहिलंय.

प्राचीने लेझर ठरवला. मी अंगठा चोळत राहिले.

मंगळवार, ११ नोव्हेंबर.
दुधाचं पातेलं जळून कोळसा. मी ठेवलं नव्हतं. मी अंगणात होते, धूर दिसला म्हणून आत आले. गॅस बंद केला, पातेलं केळीखाली पुरलं. गुन्हा माझा नाही, मग धर्मराजला कशाला कळवायचं? प्राची, हे लिहू नकोस. लिहिलंस? मग वाचू नकोस.

कोणीतरी घरात येतं. मागच्या दाराने. मीठ हलवतं, गॅस पेटवतं. नवल म्हणजे आमचा कुत्रा भुंकत नाही. ओळखीचं पाऊल असणार.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर.
डॉक्टर. कुठला महिना विचारलं. मी म्हटलं, दवाखान्यात कॅलेंडर नाही का तुमच्या? तीन वस्तूंची नावं सांगून थोड्या वेळाने परत विचारली. मी म्हटलं, सांगितलीत तुम्ही, लक्षात तुम्ही ठेवा. प्राची बाहेर बाकावर बसून बराच वेळ खिडकीकडे बघत होती.

येताना रिक्षात म्हणाली, आजी, लेझर नको, रंगीत घेऊ. मी विचारलं, बंदराच्या कागदांना रंग कशाला? म्हणाली, घरात चित्रं लावायची. तुला अक्षरं येत नाहीत, चित्रं कळतील.

शेवटी माझंच ऐकलं. मी पहिल्या दिवसापासून रंगीतच सांगत होते.

सोमवार, १७ नोव्हेंबर.
प्रिंटर आला. पहिलं पान नुसत्या रेघांचं, काळी, निळी, लाल, पिवळी. सगळ्या अखंड. प्राची म्हणाली, हे पान नीट आलं म्हणजे मशीन ठीक. मग दिवसभर छापत बसली. फळीवर मिठाच्या बरणीचं चित्र. मोरीच्या दारावर बादलीचं. गॅसवर बटणाचं, त्यावर लाल फुली. घराची बालवाडी झाली. बिचारी! इतकं विसरायला लागली या वयात. मी चिडवत नाही आता.

संकल्प: तिच्या देखत चित्रांकडे बघून मान डोलवायची. तिला धीर येतो.

गुरुवार, २७ नोव्हेंबर.
लिही, प्राची. घडलं ते घडलं. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. पाटावर देवीचा कलश मांडलेला, आणि गॅसवर माझ्या तव्यात कोणीतरी बोंबील तळले. माझ्या घरात! लग्न होऊन आल्यापासून या गुरुवारी मी वाळलेल्या बोंबलाकडे बघितलंसुद्धा नाही. प्राची दुपारी बाहेरून आली तेव्हा ताटात दोन उरले होते, बाकीचे खाल्लेले. वास असा की माझ्या बोटांनाही लागला. तोंडालासुद्धा.

गॅसवरचं फुलीचं चित्र काढून त्या चोराने नीट घडी घालून ठेवलं होतं. म्हणजे चित्रं कळतात तिला. बाईच आहे. बोंबलाला पीठ कसं लावलं होतं, ते पाहून सांगते. अगदी माझ्यासारखं.

संकल्प: तिला पकडायची.

मंगळवार, २ डिसेंबर.
पकडली.

मी नाही, प्रिंटरने. सकाळी पानावर हळूहळू उतरली, आधी केस, मग कपाळ, मग तोंड. म्हातारी. केस बगळ्यासारखे पांढरे. हनुवटीवर गोंदण. अंगावर माझं हिरवं लुगडं! म्हणजे कपाटही उघडते. खाली काहीतरी अक्षरं आणि धर्मराजचा फोन नंबर. तक्रार त्याच्याकडे करायची असेल. प्राचीने त्यावर प्लास्टिक चढवलं. एक फोटो पुढच्या दाराला आतून लावला. एक नाक्यावरच्या भावेश रिक्षावाल्याकडे दिला, म्हणाली, ही कुठे दिसली तर आणून सोड. बरं केलं. सगळ्यांना कळू दे.

मग मला म्हणते, आजी, हा तुझा फोटो आहे.

मी हसले. पोरीला आता माणसंही ओळखू येत नाहीत. माझे केस काळे, कमरेपर्यंत. ती म्हणाली, आरशात बघ. बघितलं.

आरशात तीच उभी होती. मी हलले नाही. तीही हलली नाही.

आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला आहे. कोणी सरळ करायचा नाही.

शनिवार, ६ डिसेंबर.
आज संकल्प पुरा केला. प्राची फोनवर बोलत असताना एकटी निघाले, एकटी पनवेलला उतरले. बाजारात माझी जागा मला डोळे मिटून सापडते, पण कोणीतरी बाजारच हलवलाय. माझ्या जागी एक माणूस मोबाइलची कव्हरं टांगून बसलेला. त्याला म्हटलं, उठ, माझी पाटी यायची आहे. तो म्हणाला, मावशी, कोण येणार? मला नाव आठवेना. त्याचं नाव हो. जो पाटी आणणार त्याचं.

पायरीवर बसले. उन्हं कलायला लागली तेव्हा भावेश आला. हातातला फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, आजी, चला घरी. शोधत होता त्या म्हातारीला, सापडले मी. तरी मानाने मला आधी सोडलं. वाटेत तीनदा विचारलं, पाणी हवं का. चांगला मुलगा.

तेव्हा नोंद कर: एकटीने गेले आणि परत आले.

ओट्यावर धर्मराज बसला होता. ओरडला नाही. जन्मापासून ओरडणारा मुलगा. माझे पाय धुतले, पुसले. मला त्याची भीती वाटली.

बुधवार, १० डिसेंबर. कळंबोली.
दोन दिवसांसाठी पाहुणी म्हणून आले आहे. सातवा मजला. खाली ट्रक काड्यापेटीएवढे. प्राचीही आली, तिचं टेबलही आलं, प्रिंटरही आला. दोन दिवसांसाठी एवढा पसारा कोण आणतं? पण तिला कुठे सुचतं. दाराला आतून वरची कडी आहे, माझा हात पोचत नाही.

सकाळी तिने रेघांचं पान काढलं. गेले चार दिवस काढायचं राहिलं होतं. निळी आली, काळी आली, लाल तुटत तुटत आली. पिवळीची जागा कोरी. तिने बटण दाबून साफ केलं, परत काढलं. परत कोरी. तिसऱ्यांदा ती रडायला लागली. मी म्हटलं, राहू दे ग, तीन आहेत ना अजून.

मला काळजी तिची नाही, दुसरीच लागली आहे. गव्हाणच्या घराला बाहेरून कुलूप घातलं, आणि ती बाई आत. दारावर फोटो तिचा, म्हणजे घर आता तिचंच. मी भांडत नाही. तोंड पाहिलंस ना तिचं? चोराचं नाही ते. कोणीतरी येईल म्हणून वाट बघणाऱ्या बाईचं आहे.

तर लक्षात ठेव, प्राची, नाहीतर लिहून ठेव. भावेशच्या हाती पाठव, त्याच्याकडे फोटो आहे, तो चुकायचा नाही. तांदळाच्या दोन भाकऱ्या, मऊ. चार बोंबील, कुरकुरीत तळून. वार तिला आठवत नाहीत, ते आपणच सांभाळायचे. आज बुधवार, आजच पाठव, उद्यावर टाकू नकोस. आणि मीठ वेगळ्या पुडीत बांधून दे. स्वतः ठेवलेलं मीठ तिला सापडत नाही.