मैनाबाईचे दोन एकर वावर

मी, महादेवराव किसनजी धुमाळे, वय वर्षे ६९, निवृत्त जिनिंग फिटर, राहणार मौजे पिंपळझिरी, तालुका अंजनगाव सुर्जी, जिल्हा अमरावती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. कोणाचा दाब नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. पिंपळझिरीचे दोन एकर वावर, त्यातील कवेलूचे (कौलारू) घर व सामाईक विहिरीतील निम्मा हिस्सा ही मिळकत मूळची माझी पत्नी कै. मैनाबाई हिची, तिच्या वडिलांकडून आलेली. सन २००४ मध्ये तिने बक्षीसपत्राने ती माझ्या नावे केली. मैनाबाई सातवी पास, अक्षर टपोरे. पण त्या दिवशी रजिस्ट्री कचेरीत तिला सहीची जागा दिसेना, म्हणून कारकुनाने अंगठा घेतला. बाहेर आल्यावर ती पदराने अंगठा पुसत राहिली. शाई निघाली तरी पुसतच होती.

२. तिची नजर माझ्यामुळे गेली, हे येथे नमूद करतो. आम्ही अकोल्यात पस्तीस वर्षे भाड्याच्या खोलीत काढली. डिसेंबर २००० मध्ये डॉक्टर म्हणाले, साखरेमुळे डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरते आहे, आठ दिवसांत या. मी ज्या जिनिंग-प्रेसमध्ये कामाला होतो, तिचा कापसाचा हंगाम जोरात होता. मी तिला म्हणालो, "फाल्गुनात जाऊ." माझ्यासोबतचा फिटर अब्दुल सत्तार म्हणाला, "महादेव, सीझन तं दरसाली येते. भाभीले आजच घेऊन जा." मी त्याला माझ्या घरात लक्ष घालू नको असे सुनावले आणि महिनाभर बोललो नाही. फाल्गुनात गेलो तेव्हा एक डोळा गेला होता. दुसऱ्याने फक्त उजेड कळत होता. ज्या प्रेससाठी थांबलो ती दोन वर्षांनी बंद पडली. कापूसच येईना.

माझी फिटरकामाची सर्व हत्यारे, पाने, पुलर आणि हातोड्या, अब्दुल सत्तार यास द्याव्यात. तो बरोबर होता, हे मला त्याच्या तोंडावर कधी म्हणता आले नाही. देणाऱ्याने ते म्हणावे.

३. प्रेस बंद झाल्यावर आम्ही या वावरात राहायला आलो. तिला लग्नापासून इथेच राहायचे होते. पहिल्याच सकाळी तिने विचारले, "काय दिसून राहिलं?" मी म्हणालो, "वावर." ती म्हणाली, "ते मले मालूम आहे. अजून?"

मला पाहायची सवय नव्हती. काहीबाही सांगायचो. एकदा माघात सांगितले की विहिरीवरच्या शिंदीच्या झाडाला सुगरणी घरटी बांधून राहिल्या. ती हसली. "कावून खोटं बोलता? त्या पावसाळ्यात बांधतात. अन् बांधतो नर." त्या दिवसापासून मी खरेच पाहू लागलो. उभा जन्म कापसात गेला, पण पऱ्हाटीचे फूल पहिल्या दिवशी पिवळसर असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, हे मी बासष्टाव्या वर्षी पाहिले. धावत जाऊन तिला सांगितले. तिने ते लहानपणीच पाहिलेले होते, तरी म्हणाली, "खरंच?" धुक्यातून सातपुडा कसा वर येतो, रोही म्हणजे नीलगाय धुऱ्यावर, बांधावर, कशी कान टवकारून उभी राहते, सारे सांगू लागलो. असे सुख मला ठाऊक नव्हते. ते मला तिच्या डोळ्यांच्या मोबदल्यात मिळाले. हा हिशेब माझ्याने सुटत नाही.

४. बँकेतील शिल्लक मुलगा अंकुर, राहणार राजापेठ, अमरावती, यास द्यावी. मैनाबाईच्या तेरवीच्या दिवशी तो म्हणाला, "बाबा, एवढ्याशा वावरात आता आहे काय?" माझा त्याच्यावर राग नाही. त्या वयात मीही हेच म्हटले असते.

५. वावर, घर व विहिरीचा हिस्सा मुलगी आरती हिला देतो. त्याच तेरवीला ती दुपारभर विहिरीच्या पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "बाबा, आई इथं बसून काय ऐकायची?" विकू नये अशी अट मी आधी लिहिली होती, ती खोडली. एका बाईला तिच्या मनाविरुद्ध पस्तीस वर्षे अडकवले, तेवढे पुरे.

६. मैनाबाईचा धाकटा भाऊ नत्थुजी यास मी काहीही देत नाही. २००७ च्या श्रावणात पावसाने दडी मारली, शेजारच्या वावरातली त्याची संत्र्याची झाडे वाळू लागली. बोअरच्या गाडीला वाट हवी म्हणून त्याने विहिरीवरची शिंदी तोडली, घरट्यांसकट. मी अंजनगावला बाजाराला गेलो होतो. बोअरला पाणी नाही, धूळच लागली. संत्रीही गेली. दुसऱ्या सकाळी मैनाबाईने विचारले, "आज सुगरणींचा आवाज नाही?" मी सांगितले, पिल्ले मोठी झाली, उडून गेली. ती "बरं झालं" म्हणाली. पौषात ती वारली. नत्थुजीशी मी तेव्हापासून बोललेलो नाही.

७. सहीपूर्वी जोडलेला मजकूर: ज्याला काही मिळत नाही असाच साक्षीदार बरा, म्हणून आज नत्थुजीला बोलावले. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते. त्याने वाचायला मागितला, मी दिला. सहावे कलम त्याने दोनदा वाचले. मग म्हणाला, "भाऊजी, झाड पडलं तवा बाई तिथंच उभी होती. मले म्हणे, पिल्लं होती का रे? मी हो म्हटलं. लय रडली. मंग म्हणे, तुह्या भाऊजीले सांगू नको मले मालूम आहे म्हणून. ते मले काहीतरी चांगलंच सांगतीन, ते मले ऐकू दे."

सहावे कलम मी खोडत नाही, कारण ते घडले आहे. नत्थुजीला चहा दिला. तो घेऊन त्याने सही केली.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे.

महादेवराव किसनजी धुमाळे (सही)

आमच्यासमक्ष सही झाली:
१. नत्थुजी संपतराव राऊत, पिंपळझिरी
२. डॉ. गजाला परवीन, अंजनगाव सुर्जी

पिंपळझिरी, दिनांक ९ नोव्हेंबर २०१०