क्वार्कांचा अर्धा धडा

प्रिय राजेंद्र,

महाडच्या स्टँडवर पोलादपूरच्या एसटीची वाट बघताना तू माझ्या केसातलं रबर काढून दोन बोटांत ताणलं होतंस, आठवतं? नवीनच लग्न झालं होतं. प्रोटॉनच्या पोटातले क्वार्क असेच, म्हणालास. जवळ असले की मोकळे, दूर नेले तरी ओढ काही सैल पडत नाही. समोरची कलिंगडवाली तोंडाला पदर लावून हसत होती. मला मात्र वाटलं, याच्याइतकं गोड कुणी बोलूच शकणार नाही. वर ‘प्रिय’ लिहिलंय ती कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी लावलेली सवय. त्यात अर्थ शोधू नकोस.

परवाच्या तुझ्या मेसेजमध्ये तेच क्वार्क पुन्हा आले. ‘अंतर कितीही असो, आई आणि मी त्याच बलानं बांधलेले.’ वाचून हातातला चहा मोरीत ओतला. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलंय मी. तू अर्धाच धडा सांगतोस. फार ताणलं की तो बंध तुटतो, आणि ताणायला खर्चलेल्या ऊर्जेतून तुटल्या टोकांना नवे कण जन्मतात. एकटं कुणीच उरत नाही. तू मला सोडून गेलास, पुण्यात तुझ्या टोकाला नवा संसार उभा राहिला. इकडे माझ्या टोकाला तुझी आई, जानकीबाई आली. वरंधच्या घराला कुलूप लावून, बगलेत कोंबडी घेऊन. “तो गेला म्हनून मी तुला सोडू काय गो?” एवढंच म्हणाली.

तुझं संशोधन तिला कधी कळलं नाही. “कन शोधतो? मग पीठ चाळ म्हनावं, रग्गड गावतील!” हसता हसता तिला ठसका लागायचा. पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा तिला पाठुंगळी घेऊन मी वरच्या मजल्यावर चढले. तुझा फोन आला पाणी ओसरल्यावर, टीव्हीवर बघितलंस म्हणून. क्वार्कांचं स्वतःचं वजन अगदी नगण्य. प्रोटॉनचं जवळजवळ सगळं वजन त्यांना धरून ठेवणाऱ्या ऊर्जेचं असतं. हे तूच शिकवलंस. धरून मी ठेवलं, राजेंद्र.

आई गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन रविवारी आहे. मुलगा म्हणून पुढे बसणार आणि अस्थी पुण्याला नेणार, असं तू विहारातल्या धम्मपालदादांना परस्पर कळवलंस. मला विचारलंही नाहीस. म्हणून हे पत्र. ये, दार लावणार नाही. पण मागे बस. पुढे मी बसेन. अस्थी कुठंही जाणार नाहीत. परसात त्यांच्यावर फणसाचं रोप लागेल, जागा तिनंच दाखवलीय. तिचं पांढरं लुगडं शेजारच्या विठाबाईला, शेवटी आईंना पेज तिनंच भरवली. कोंबड्या त्यांना रोज दाणे टाकणाऱ्या भिकूला. आणि तू कुरियरनं पाठवलेलं ब्लँकेट, पिशवीतून एकदाही न काढलेलं, ते तू घेऊन जा.

जानकीबाईंचीच,
आम्रपाली