रेनातोला घरातून हलवू नये

पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. मी बर्था पास्कल मचाडो, वय एक्याऐंशी, मूळ गाव नंदाखाल, वसई, हल्ली मुक्काम मॉन्ट्रियल. शिक्षण चौथी. डोकं शाबूत आहे, डॉक्टरचा कागद जोडला आहे. कोणाच्या धाकाने लिहीत नाही. इथली कायद्याचे कागद करणारी नोटेअर बाई म्हणाली, हाताने लिहिलेलं चालतं, मराठी पण चालेल. आधीचं मृत्युपत्र मी फाडलं, हेच खरं धरावं.

राहतं घर माझी नात केझिया हिला द्यावं. पण तिचा बाप, म्हणजे माझा जावई रेनातो, जिवंत असेपर्यंत याच घरात राहील. त्याला कोणी हलवायचं नाही.

रेनातो कोण ते लिहून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला तो नुसता आजारी माणूस वाटेल. इटलीत तो फुटबॉलचा मोठा नावाजलेला फॉरवर्ड होता. उंच बॉल आला की सगळ्यांच्या वर याचं डोकं. त्याचा कोच सराव संपल्यावर दोरीला बॉल टांगायचा आणि अंधार पडेपर्यंत याला डोक्याने मारायला लावायचा. गुडघे गेले तेव्हा शेवटची वर्षं खेळायला इथे आला, आणि माझ्या सेलिनने त्याच्याशी लग्न केलं. लग्न वसईला लावलं. आमच्या पॅरिशच्या पोरांनी दुसऱ्या दिवशी सामनाच ठेवला. नवरदेव कोट काढून उतरला. सगळं गाव ओरडत होतं, "जावई, डोक्याने घ्या, डोक्याने." बँडवाले वाजवायचं सोडून बघत बसले. फार हसलो आम्ही त्या दिवशी.

आता त्याला चमचा कसा धरायचा ते रोज दाखवावं लागतं. डॉक्टर म्हणतात, त्या बॉलांनीच केलं. सेलिन कॅन्सरने गेली, ते त्याला माहीत नाही. सांगू पण नये.

माझा मुलगा मॉरिस म्हणतो, "मम्मी, बी रिअलिस्टिक. तू गेल्यावर घर सेल करू, त्याला चांगल्या फॅसिलिटीत ठेवू." मी म्हटलं, "मेहुण्याचा फोटो तुझ्या ऑफिसात अजून आहे ना रे?" मॉरिसच्याच हट्टाने मागच्या हिवाळ्यात रेनातोला ठेवलं होतं तसल्या जागी. दाराला कुलूप. हा बूट घालून दिवसभर दारापाशी उभा, टीमची बस आपल्याला सोडून गेली म्हणून रडत. घास घेईना. मी आणि केझियाने त्याला परत आणलं. पुन्हा ते नको.

बेसमेंटचं भाडं येतं, ते दिवसा त्याला सांभाळणाऱ्या बाईच्या पगाराला लावावं. केझियावर जबरदस्ती नाही. लांबच्या किचनर शहरातली नोकरी तिने आपणहून नाकारली. "ग्रॅनी, आय ऍम स्टेइंग. डोन्ट अर्ग्यू," म्हणाली. मला इतका आनंद झाला की सांदणं केली आणि सगळ्या शेजाऱ्यांना वाटली. तिने लग्न करावं, नवरा इथेच आणावा, चांगला गप्पिष्ट बघावा. रेनातोला जेवताना कोणीतरी बोलणारं लागतं.

त्याचे बूट आणि मेडलं इटलीतला क्लब म्युझियमसाठी मागतोय. तो असेपर्यंत देऊ नयेत. डोकं त्यांनी घेतलंच आहे, बूट राहू देत.

मॉरिसला नंदाखालच्या वाडीतला माझा हिस्सा आणि बर्फ उडवायचं मशीन, स्नो-ब्लोअर. माझ्या दारात बर्फ शोव्हल करायला तो कधी आला नाही, आता स्वतःच्या दारात करावं. माझा त्याच्यावर राग नाही. थोडा आहे.

मला सेलिनशेजारी पुरावं.

लिहून देणार: बर्था पास्कल मचाडो
साक्षीदार, दोघे शेजारी, यांना यात काही दिलेलं नाही:
उन्मेष बर्वे
शिवांगी बर्वे
मॉन्ट्रियल, १२ फेब्रुवारी २०२५

सह्या झाल्यावरची टीप. कागदावर आणखी एक मोठी सही आहे. साक्षीदार सह्या करताना बघून रेनातो टेबलाशी आला आणि पेन मागितलं. त्याला वाटलं, सामना संपला, लोक सह्या मागतायत. मला विचारलं, "नाव काय तुमचं?" मी म्हटलं, बर्था. "कुठून आलात?" म्हटलं, वसईहून. "फार लांबून आलात," म्हणाला आणि लिहिलं, बर्थाला, प्रेमाने. खाली नाव आणि जर्सीचा नऊ नंबर. इतक्या वर्षांत जावयाची सही मी कधी घेतली नव्हती. ती साक्ष म्हणून धरू नये. खोडूही नये.

बर्था पास्कल मचाडो