खांद्यावर हात

सान हासिंतो,
४ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनवर मी रागवायला लागले की तुला नेमक्या वायरी ओढायच्या असतात आणि तू फोन ठेवतोस. पत्र मध्येच बंद करता येत नाही, म्हणून लिहिते आहे. बसवाले फिलेमोनकाका ते बंदरात तुझ्या हातात देतील.

मंगळवारी तुझ्या मंच-ध्वनीच्या कंपनीची दोन माणसं आली आणि चर्चसमोरच्या अंगणात फीत धरून मापं घेऊ लागली. मी विचारलं, तर म्हणाली की एवेलियोने पाठवलंय, तुम्हाला कळवलं नाही का? नाही, आम्हाला कळवलं नाही. गावप्रमुखांना मात्र कळवलं होतं. त्यांची सहीसुद्धा झाली होती. बावीस नोव्हेंबरला, सांता सेसिलियाच्या दिवशी, म्हणजे बरोबर आमच्या मेळ्याच्या दिवशी, त्या अंगणात तुमच्या बंदरातल्या संगीत महोत्सवाची ‘ग्रामीण संध्याकाळ’ होणार आहे म्हणे. भोवती कुंपण. मनगटाला तिकिटाची पट्टी असेल त्यालाच आत प्रवेश. आणि पुरुषभर उंचीच्या मंचावर आपली तारिमा. तिच्यावर आई नाचणार, भाड्याने आणलेल्या मुलींच्या मधोमध, घड्याळ लावून.

दादा, तारिमा मंचावर? तो पोकळ लाकडी पाट बाबांनी स्वतः ठोकला तो जमिनीवर ठेवायला. आपापल्या हरानाच्या तारा छेडणारे त्याला चिकटून उभे राहावेत आणि नाचायचं मनात आलं की नुसता एक पाय उचलावा लागावा, म्हणून. बंदरात राहून विसरला असशील, तर आठवण करून देते. बायकांच्या नाचात जिला वर यायचं असतं ती येते, नाचणारीच्या खांद्याला हात लावते, आणि नाचणारी उतरते. मग नाचणारी गावप्रमुखांची बायको असो नाहीतर मासे विकणारी सेनाइदा, नाही म्हणायची सोय नाही. गाणं चालू असताना तारिमा रिकामी सोडायची नाही, आणि तारिमेवर पावलं वाजताहेत तोवर वाजवणाऱ्यांनी थांबायचं नाही. एवढेच आपले नियम. यात कुंपण कुठे बसतं ते मला दाखव.

आणि आमच्याकडे येतात ती माणसं तुमच्याच महोत्सवातून उठून आलेली आहेत. दातांचे डॉक्टर उर्बानो सांगतात की त्यांचं सारं तरुणपण तिथल्या चिखलात गेलं. गाणारा मुंगीएवढा दिसायचा, आणि शेजारी उभ्या असलेल्याचं नाव कधी कळलं नाही. इथे पहिल्या वर्षी आईने त्यांच्या हातात केळीची पानं दिली आणि मक्याच्या पिठाचे तमाल त्यांत बांधायला बसवलं. आता ते बायकोला, सासूला, नातवाला घेऊन येतात. येताना प्रत्येकाने वाद्य आणावं, सरपण आणावं, नाहीतर पातेलं आणावं, एवढंच आम्ही सांगतो. नुसतं बघायला कोणी येत नाही. बघायला काही ठेवलेलंच नाही.

हे सगळं तू विकलंस की दान केलंस, ते तरी कळव.

राग आहे तो राहील, पण लोभही राहावा.

तुझी,
नोएलिया


बंदर,
१५ ऑक्टोबर

चि. नोएलियास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. देताना फिलेमोनकाकांनी बजावलं की पाकीट गरम आहे, चिमट्याने धर. म्हणजे बसमध्ये त्यांनाही ऐकवलेलं दिसतंय. आपल्या घरात पहिली पदवी आली याचा मला अभिमानच आहे. पूर्वी आपल्याकडे नुसत्या शिव्या असायच्या, आता शिव्यांना परिच्छेद असतात.

बाईसाहेब, सोळाव्या वर्षी याच महोत्सवाला न्या म्हणून तू दारात बसून रडली होतीस. परत आलीस ती एक चप्पल हरवून, आणि कान बसलेत म्हणून आठवडाभर आमच्याशी ओरडून बोलत होतीस. तेव्हा तुला चिखल गोड लागला. तुला कंटाळा आला म्हणून साऱ्या जगाला आला असं नसतं. आणि तुमचे ते दंतवैद्य वाद्य म्हणून गाढवाचा वाळका जबडा वाजवतात म्हणे. त्यांच्या धंद्याला शोभतंय, यावर माझं काही म्हणणं नाही.

आता चेष्टा पुरे. मी विकलं नाही आणि दानही केलं नाही. मी मंचाच्या मागे उभा राहून वर्षानुवर्षं बघतोय. ज्यांच्या अख्ख्या देहात आईच्या टाचेएवढा जीव नाही त्यांची नावं इथे दिव्यांनी लिहितात. आई जन्मभर नाचली. तिचं नाव कधी कोणी मोठ्याने पुकारलं? गाव म्हणतं, कासिल्दा काय, आपलीच आहे. आपलीच आहे म्हणून टाळ्या नाहीत, आपलीच आहे म्हणून रांधायलाही तीच. तिचे गुडघे किती वर्षं साथ देतील ते तुलाही माहीत आहे. एकदा, फक्त एकदा, हजार माणसांनी तिचं नाव घ्यावं आणि ते मी स्वतः ध्वनिक्षेपकावर आणावं, एवढीच माझी इच्छा. मी आधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू परिच्छेद लिहिले असतेस.

आईला माझा नमस्कार सांग. तिला मी वेगळा फोन केला आहे.

भांडण चालू ठेव, पण मायाही चालू ठेव.

तुझा,
एवेलियो


सान हासिंतो,
३ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल मृतांच्या दिवशी बाबांसाठी वेदी मांडली. झेंडू, पाव, त्यांची तंबाखू, त्यांचा तुटका हराना. तू आला नाहीस. मंचाचं काम होतं, असं आईने तुझ्या वतीने बाबांच्या फोटोला सांगितलं.

ती तयार झाली आहे. मी तिच्याशी दिवसभर भांडले. ती केळीची पानं शेकत होती. शेवटी एवढंच म्हणाली की पोराने घर सोडल्यापासून पहिल्यांदा काहीतरी मागितलंय, आता त्याच्या साहेबांपुढे मी त्याला मान खाली घालायला लावू का? मग मीही पानं पुसायला बसले.

गावप्रमुखांकडेही गेले होते. त्यांनी मला कॉफी पाजली आणि समजावलं की तुमचा मेळा छानच आहे हो मुली, पण त्याचा गावाला उपयोग काय? लोक येतात, जेवतात, वाजवतात, जातात. मी म्हणाले की तोच उपयोग. ते हसले. मला त्या हसण्याचा इतका संताप आला की कप तिथेच ठेवून निघाले.

आम्ही नदीपलीकडे जातोय, सेनाइदाच्या भावाच्या आंब्याच्या बागेत. डॉक्टरांची मंडळी, वरच्या गावातले हरानावाले, सगळे तिकडेच उतरतील. गावातल्या काही बायका मात्र इकडेच थांबणार आहेत. कासिल्दाला एकटीला सोडून येणार नाही म्हणतात, कुंपणाबाहेर उभ्या राहू. मी थांबणार नाही. तारिमा तुमच्या मंचावर जाते आहे, तेव्हा आम्ही जुन्या दारांच्या फळ्यांवर नाचू.

तुमचा मंचाचा नकाशा मी पाहिला. जिना एकच, तोही मागे, आणि तिथे पहारेकरी. आई दमली तर तिच्या खांद्याला हात लावायला कोण येणार, आणि कुठून येणार? मंचाच्या कामात इतकी वर्षं घातलेला माणूस तू. एवढं लिहून पाठव.

उत्तराची वाट बघते आहे. लोभ असेल तर उत्तर येईल.

नोएलिया


बंदर,
२५ नोव्हेंबर

चि. नोएलियास,
अ. उ. आ.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी पाठवलं नव्हतं. आज पाठवतो.

त्या संध्याकाळी उत्तरेचा वारा सुटला होता आणि मंचाची कापडं फडफडत होती, तरी गर्दी मावत नव्हती. आईचं नाव पुकारलं. हजार माणसांनी ते घेतलं. माझ्या अंगावर काटा आला, हे मी लपवणार नाही. आपल्या गावचे चौघे हरानावाले एका कडेला खुर्च्यांवर बसवले होते, पुढ्यात माइक ठेवून. आई चढली, पांढरे बूट घालून. बायकांचा नाच सुरू झाला. भाड्याच्या मुलींनी त्यांना शिकवलेल्या गिरक्या घेतल्या आणि ठरल्याप्रमाणे मागे जाऊन हसत उभ्या राहिल्या. त्यांची चूक नाही. त्यांना पावलं शिकवली होती, बाकीचं कोणी शिकवलंच नव्हतं.

थोड्या वेळाने आईने मान वळवून बाजूला पाहिलं, आता कोण येतंय म्हणून. कोणी आलं नाही. तिने दुसऱ्या बाजूला पाहिलं. तिथे दिवे होते. तारिमा रिकामी सोडायची नाही, म्हणून ती नाचत राहिली. पावलं वाजताहेत म्हणून आपले चौघे वाजवत राहिले. ते तिच्याकडे बघत होते, ती त्यांच्याकडे बघत होती, आणि कोणालाच थांबता येत नव्हतं. लोकांना वाटलं की म्हातारी काय जबरदस्त आहे! ते टाळ्यांवर टाळ्या देत होते. माझा साहेब कानात ओरडत होता की वा, चालू दे. मला तिचा डावा गुडघा दिसत होता. ती ओठ चावत होती, नोएलिया, आणि हजार माणसं तिला शाबासकी देत होती.

मी बाईमाणूस असतो तर स्वतः चढलो असतो. बायकांच्या नाचात पुरुषाने हात लावायचा नाही. आईने त्या स्थितीतही मला ढकलून दिलं असतं. मी ध्वनियंत्र सोडून पळालो. सेनाइदा आणि बाकीच्या बायका कुंपणाला चिकटून उभ्या होत्या. त्यांना कळलं होतं. सेनाइदा पहारेकऱ्याला सांगत होती की अरे मेल्या, सोड मला, तिला उतरवायला पाहिजे. तो तिची मनगटाची पट्टी मागत होता. मी कुंपण जोडणारे खिळे उपसले. ते मीच बसवले होते, त्यामुळे लवकर निघाले. सेनाइदा माशांचा वास येणाऱ्या एप्रनसकट जिना चढली आणि तिने आईच्या खांद्याला हात लावला. मग दुसरी चढली, मग तिसरी. साहेबाने यंत्राचा आवाज बंद केला, तरी ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्या मुलींपैकी एकीने शेवटी शेवटी भीत भीत हात लावून पाहिला. तिला जागा मिळाली.

गाणं एकदाचं संपल्यावर तारिमा होडीत घालून तुमच्याकडे कोणी धाडली, हे तू विचारलं नाहीस. मीच. आईला सेनाइदाकडे सोपवलं आणि तुझ्यासमोर यायचं धाडस झालं नाही, म्हणून तसाच परतलो. सोमवारपासून येऊ नकोस असं कंपनीने सांगितलं आहे.

एक गोष्ट राहिली. नाचताना आई गर्दीत कोणाला शोधत नव्हती. ती नदीकडे बघत होती.

लोभ कमी झाला असेल, तर जेवढा उरला तेवढा ठेव.

तुझा,
एवेलियो


सान हासिंतो,
८ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं शेवटचं वाक्य वाचून मी पत्र चुलीत टाकायला निघाले होते. असं वाक्य लिहायचा अधिकार तुला कोणी दिला? कुंपण तुझं, जिना तुझा, आणि नदीकडे मात्र माझ्यासाठी बघायचं? अजूनही मला ते वाचलं की चीड येते. चुलीत टाकलं नाही, एवढंच.

गावप्रमुख परवा सांगत आले की कार्यक्रम फार गाजला, पुढच्या वर्षी आणखी मोठा करू. मी काही बोलायच्या आत सेनाइदाने त्यांना विचारलं की मोठा म्हणजे कुंपण मोठं का? तेवढ्यात त्यांना दुसरीकडे काम निघालं.

आईचा गुडघा अजून सुजलेला आहे. डॉक्टर उर्बानोंनी पाहिला आणि कबूल केलं की दाढ असती तर काढली असती. खऱ्या डॉक्टरने नाचायला साफ मनाई केली आहे. तरी रविवारी आम्ही अंगणात सरावाला जमलो, तर बाई गुडघ्याला पट्टी बांधून तारिमेवर उभी. मी ओरडले. सेनाइदा ओरडली. ती ऐकेना, धड नाचेना आणि थांबेनाही, असं काहीतरी चाललं होतं तिचं, आणि हरानावाले मान खाली घालून वाजवत होते, कारण पावलं वाजत होती. मी इतकी भडकले की तिला हाताला धरून खाली ओढायला पुढे झाले. तेव्हा लक्षात आलं की तिला उतरवायचा एकच रस्ता आहे, आणि मेळा भरवायला लागल्यापासून मी चूल पाहिली, पाहुणे पाहिले, पातेली मोजली, पण तो रस्ता कधी धरला नव्हता.

मी तिच्या खांद्याला हात लावला.

ती उतरली. नियम म्हणजे नियम. पण उतरता उतरता म्हणाली की एवढा हलका हात? मला वाटलं माशी बसली. मग मी नाचले, वाईट नाचले, आणि ती खुर्चीत बसून माझ्या टाचांना नावं ठेवत राहिली.

नोकरी गेली ते वाईट झालं असं मी लिहिणार नाही. पुढच्या मेळ्याला ये. वाद्य आण, सरपण आण, नाहीतर पातेलं आण. रिकाम्या हाताने आलास तर तारिमा उचलायला लावीन, ती जड आहे.

लोभ होता तेवढाच आहे. आईचा मात्र जरा वाढला आहे, ते मला खपत नाही.

तुझी,
नोएलिया