गुरुवारी वाचायचं प्रकरण

प्रिय लाम्बेर्तीनो,

हे पत्र हातात पडलं की आधी दार लावून घे. चाळीस वर्षांनी लिहिते आहे, तेही रागाने, म्हणून तब्येतपाणी विचारत नाही. तुझी खबर मला रोज मिळतेच. माझ्या माडीवर ओत्तोबोनो नावाचा विद्यार्थी राहतो, तुझ्याच वर्गातला. परवा चेस्टनट सोलता सोलता म्हणाला, "दियांब्राबाई, आमचे गुरुजी म्हणजे वाघ. पण लग्नाच्या वचनाचं प्रकरण आलं की त्यांची शेळी होते. सरळ पुढची पानं उलटतात. त्या पानात त्यांना साप दिसतो की काय?"

"तू आपली टरफलं गोळा कर," मी म्हटलं.

पण त्याचं तोंड थांबेना. या वर्षी तू ते प्रकरण दोनदा गाळलंस म्हणे. गुरुवारी तिसऱ्यांदा गाळलंस तर तुझा वर्ग काढून घ्यायचा, असं विद्यार्थ्यांच्या सभेत ठरलं आहे. आपल्या बोलोन्याच्या विद्यापीठात गुरुजींना नेमणारे विद्यार्थीच आणि घालवणारेही तेच, हे तुला मी सांगायला हवं का?

तुझा वर्ग कसा उभा राहिला ते मी पाहिलं आहे. कायद्याची परीक्षा देऊन डोक्यावर टोपी, बोटात अंगठी घालून तू मोठ्या चर्चमधून बाहेर आलास, तेव्हा गर्दीत मीही होते, शाईने बरबटलेले हात पाठीमागे लपवून. पादोव्हाच्या विद्यापीठाची माणसं तुला तिकडे शिकवायला न्यायला आली आणि तू त्यांना परत पाठवलंस, त्या दिवशी आमच्या पुस्तकांच्या दुकानात मी उगाचच सगळ्यांशी गोड बोलले. तीस वर्षं त्या दुकानात मी नकलनवीसांच्या चुका काढल्या. मठातल्या बायांनी लॅटिन छड्या मारून शिकवलं होतं, ते असं कामी आलं. बाईने तुमच्या वर्गात बसायचं नाही, पण तुमच्या पुस्तकांतली घाण मात्र तिनेच निपटायची! तू गाळतोस ते प्रकरण मी वीस वेळा तरी तपासलं असेल. म्हणूनच ओत्तोबोनो बोलला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

मठामागचं अंजिराचं झाड. तू एकोणीस वर्षांचा, मी सतरा. माझा हात धरून तू म्हणालास, "दियांब्रा, आजपासून मी तुला माझी बायको मानतो." साक्षीला कुणी नव्हतं. दोन महिन्यांत तुझ्या वडिलांनी वैद्याच्या अल्दीनाशी तुझं लग्न लावलं आणि तू मान खाली घालून उभा राहिलास. मग तू कायदा शिकलास. साक्षीदार नसले तरी असं वचन म्हणजे लग्नच, आणि त्यानंतरचं दुसरं लग्न खोटं, हे तुला कळलं. म्हणजे अल्दीना तुझी बायको नव्हे आणि तुझ्या दोन्ही मुली लग्नाबाहेरच्या, हे ओझं तू तेव्हापासून एकट्याने वाहिलंस. तेच भर वर्गात वाचायची वेळ आली की तू पुढची पानं उलटायचास. वेड्या, माझ्याकडे एकदा विचारायला तरी यायचंस!

कारण गाढवा, ते वचन दोघांनीही द्यायला हवं. एवढा मोठा पंडित तू, स्वतःच्या खटल्यात दुसऱ्या बाजूची जबानी घ्यायचीच विसरलास? तू म्हणालास. मी काय म्हणाले, आठव. प्रार्थनेची घंटा झाली आणि मी पळाले. एक शब्द बोलले नाही. अल्दीना तुझी बायको आहे, पहिल्यापासून आहे. हवं तर बिशपसमोर शपथेवर सांगेन. तेवढ्याचसाठी हे पत्र. गुरुवारी ते प्रकरण खणखणीत वाच, मी बाहेर कमानीखाली उभी असेन. कुणी विचारलं की मुलगी न बोलता पळून गेली तर काय, तर सांग, लग्न झालं नाही. ती दुसऱ्या दिवशी "हो" म्हणायला परत त्या झाडाखाली आली होती आणि तिथे कुणी नव्हतं, हे मात्र पुस्तकात नाही. ते वर्गात सांगू नकोस.

कायद्याने कुणाचीच नाही, तरी तुझीच,
दियांब्रा