उंबरावर काकांचं कलम

बोईसर, जि. ठाणे
ता. १४ एप्रिल १९८६

तीर्थस्वरूप भगवंतकाकांस,

पुंडलिकचा बोईसरहून वाकून नमस्कार. आम्ही उभयता खुशाल. तुमचा दमा, तुमची बाग आणि तुमचा राग हे तिन्ही कसे आहेत ते कळवावं. अंजिराची काडी ओल्या गोणपाटात गुंडाळून धाडलीत, त्यानंतर तुमचं पत्र नाही. तुम्ही मळ्यात एकटे, दुसऱ्या कोणाला विचारायची सोय नाही. सासवडहून पत्र म्हणजे उंबराचं फूल झालंय. (रागावला असाल तर पोस्टकार्डावर रागवा, पण रागवा. जिवाला घोर लागलाय.)

तर कलमाची हकिगत. काडीला खुंट हवा होता. आमच्या खोलीमागे न्हाणीच्या सांडपाण्यावर एक उंबर आपोआप उगवलेला, अंगठ्याएवढा जाड. आता उंबराला सुरी लावायची म्हणजे दत्ताच्या घरात शिरायचं, आणि माझी सुट्टी नेमकी गुरुवारी. (पाळ्या लावणारे साहेब पंचांग बघत नाहीत.) तुमच्या सूनबाईने, चंद्रकांताने, डोळे वटारले. मासळी घेऊन येणाऱ्या तारापूरच्या गोदूबाई म्हणाल्या, "कापाचाच हाय तं झाडाला सांगून काप, भाऊ. कोनाची फांदी हाय, नाव घेऊन सांग." माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण विश्वास नसला तरी भीती असतेच. आंघोळ करून, नारळ ठेवून मी मोठ्यांदा म्हणालो, "हे आमचे भगवंतकाका. यांना इथं जागा दे, सांभाळ, परत पाठवू नकोस." 'काकांची फांदी' असं म्हणायचं घाईत राहूनच गेलं. चंद्रकांता हसून हसून खाली बसली. मग खुंट चिरला, काडीला पाचरीसारखं तासून आत बसवलं, प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळलं. चिकाने हाताला खाज सुटली ती वेगळीच.

आणि काका, कलम लागलं हो! तुमच्या अंजिराची ती पंज्यासारखी पानं उंबरावर फुटली. मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाताला धरधरून दाखवली. (शेजारी आता मला बघितलं की दार लावतात.) पण तेव्हापासून गोदूबाई मागच्या दारी येईनात. का म्हणून विचारलं तर म्हणतात, "मागं म्हातारा बसलाय. पावना हाय ना तुमचा?" मी जाऊन पाहिलं. कोणी नव्हतं. फक्त झाडाभोवतीची माती नुकती खुरपलेली होती, आणि आमच्याकडे खुरपं नाही. कसा दिसतो विचारलं, तर "उकिडवा बसतो, टोपी गुडघ्यावर ठेवतो, आन् खोकतो." काका, ती बाई जन्मात सफाळ्याच्या पलीकडे गेलेली नाही. तुमची टोपी गुडघ्यावर असते हे तिला सांगणार कोण? मी हसण्यावारी नेलं, पण मागचं दार लावून घेतलं.

आता खोकला चंद्रकांतालाही ऐकू येतो, दुपारी भांडी घासताना. आधी ती घाबरून आत पळायची. हल्ली झाडाखाली चहा ठेवते, म्हणते पाहुण्याला कोरडं बसवू नये. कप रिकामा होतो. (एकदा साखर कमी पडली, तर चहा तसाच राहिला आणि ती दिवसभर माझ्यावर चिडली.) परवा मी पाणी घालत होतो. कोणी काही बोललं नाही, पण जास्त पाणी घालतोय म्हणून कोणीतरी भडकलंय हे मला पक्कं कळलं. मी बादली खाली ठेवली आणि झाडाची माफी मागितली.

कळावे, लोभ आहेच.
तुमचा पुंडलिक

ता. क. : खरं काम वेगळंच आहे. तुमच्या हाताने लिहिलेल्या दोन ओळी पाठवा. शिव्या चालतील. दुसऱ्या कोणाकडून लिहून घेऊ नका, मला तुमचं अक्षर बघायचं आहे. मी झाडापाशी उच्चारलेले शब्द कसे मागे घ्यायचे ते मला माहीत नाही, आणि तिकडे यायला रजा महिनाअखेरीशिवाय मिळत नाही.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवणार तेवढ्यात गोदूबाई पुढच्या दारात येऊन सांगून गेल्या, "म्हातारा म्हनतो, पत्र धाडू नको, हितंच वाचून दाखव. चष्मा मळ्यात रायला." तरी मी हे टाकतो आहे. काका, तुम्हीच उघडा.