शेक घेऊन आल्यावरचं गुऱ्हाळ

कोरेगाव, गुरुवार, १४ नोव्हेंबर १९४६

आज गुऱ्हाळावर दादा सगळ्यांदेखत म्हणाला, “विजेनं भाजून आलायस. घरी पड की रं.” थोरला भाऊ आहे माझा. पण राग जात नाही.

श्रावणात सांगलीच्या डॉक्टरांनी प्रोस्टेटची गाठ कर्करोगाची ठरवली. लवकर सापडली, म्हणाले. दादाचं एकच, “कापून टाक.” त्यात पुरुषपण जाणार होतं. मी मुंबईला जाऊन महिनाभर क्ष-किरणांचा शेक घेतला. चुकलो का? ओटीपोटाची कातडी काळी पडलीय, लघवीला आग होते. असू दे. निवड माझी होती.

वीस वर्षं इथला पाक मी पारखला, आणि यंदा दादानं दुसरा गुळव्या आणलाय! जाळाच्या धगीनं ती काळी कातडी चुरचुरत होती, तरी उकळत्या रसाच्या काहिलीपाशी गेलो. नवा गुळव्या म्हणत होता, “अजून कढू द्या.” मी पाण्यात पाक सोडला, बोटांनी गोळी वळून पाहिली; घट्ट वळली.

“उतरवा! न्हाईतर करपंल.”

गड्यांनी दादाकडं पाहिलं, आणि माझं ऐकलं.

संध्याकाळी ढेपा पिवळ्याधमक निघाल्या. दादानं पहिली ढेप माझ्यासमोर आणून ठेवली. मी आभार मानले नाहीत.